पंखाखालची टिंबं

सोमवार, ३ फेब्रुवारी

हिनं आज मला ही वही आणून दिली. म्हणाली, "जे तोंडावर येतं ते आधी यात लिही. उरलंच काही तर मग बोल." परवा बाबा येणार आहेत, त्याची ही तयारी. बाबा म्हणजे हिचे वडील, माझे सासरे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. महिनाअखेरीला नवा चष्मा मिळेपर्यंत ते आमच्याकडे राहतील.

मी रागीट नाही. लोक माझ्यासमोर येऊन मूर्खपणा करतात, त्याला मी काय करू?

पण बाबांसमोर बोलायची सोयच नाही. ते मुद्रितशोधक होते. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका काढणं हा त्यांचा धंदा. निवृत्त होऊन जमाना झाला, पण सवय काही सुटली नाही. लग्नात मी त्यांच्या पाया पडलो तेव्हा पहिलं वाक्य कानावर आलं ते आशीर्वादाचं नव्हतं. "जावईबापू, तुमच्या पत्रिकेत 'आशिर्वाद' छापलंय. 'शी' दीर्घ." तेव्हापासून आजतागायत मी 'जावईबापू' आणि 'तुम्ही'. एकदा तर दारातल्या कुत्र्यालाही "जरा सरकता का?" म्हणताना मी ऐकलंय त्यांना.

ते कायमचे इथेच राहावेत असं हिच्या मनात आहे. तिनं फोनवर सुचवूनही पाहिलं. उत्तर आलं, "चष्मा आला की मी माझ्या घरी." विषय संपला.

सोबत एक पिशवी आणि त्यांचं ते जुनं विमान आणणार आहेत म्हणे. प्लास्टिकचं लढाऊ विमान, हातभर लांब, सुटे भाग जोडून त्यांनी स्वतः केलेलं. ही मला बजावून म्हणाली, "त्याला हात लावू नकोस हं. लहानपणी मी लावला होता तर केवढे ओरडले होते! मग ते उंच फळीवर गेलं ते कायमचं. माझ्यापेक्षा त्या विमानावरच जास्त जीव बाबांचा." हसत हसतच म्हणाली. पण हसताना तिनं खालचा ओठ दातांत धरला होता, आणि दातांतलं मला कळतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबा आले. एका डोळ्यावर हिरवं झाकण, दुसरा डोळा आधीच धूसर. तरी दारातच म्हणाले, "पायपुसणं तिरकं आहे का हो?" होतं. त्यांना दिसलं नव्हतं, पायाला लागलं होतं.

खोलीत गेल्या गेल्या पहिल्यांदा विमान खोक्यातून काढलं. सगळ्या अंगावरून बोटं फिरवली. मग डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला अंगठा नेऊन तिथेच बराच वेळ ठेवला. धूळ बसलीय का ते बघत असावेत. माणूस चिकित्सक.

त्यांना विमान ठेवायला जागा नाही हे माझ्या लक्षात आलं. उद्या त्यांच्या पलंगासमोर एक छानशी फळी लावून देतो. बघू या, जावयाच्या कामात काय चूक काढतात ते.

वही जेवणाच्या टेबलावरच ठेवतोय. बाबांना वाचता येत नाही सध्या, आणि ही दिवसभर दवाखान्यात एक्स-रे काढत असते. घरी कागद बघायची तिला गरज नाही. नवऱ्याच्या आतलं तिला फिल्मशिवाय दिसतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण!

ड्रिल मशीनचा आवाज बाबांना सोसायचा नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून फळी बसवली. टेपच्या पाकिटावर हत्तीचं चित्र होतं. वर विमान ठेवलं. दोन पावलं मागे सरून कौतुकानं पाहिलं. आणि धाडकन सगळं खाली.

बाबा बाहेर व्हरांड्यात बसले होते. "काय पडलं हो, जावईबापू?"

"काही नाही! प्लास्टरचा साचा होता!"

 मग म्हणाले, "जपून हो. लागलं नाही ना तुम्हाला?"

नशीब, दिसत नाही त्यांना. नाक तुटलंय, डावा पंख मुळातून निघालाय, पुढचं चाक कुठे गेलं देव जाणे, वरच्या काचेला तडा आणि आत बसलेल्या वैमानिकाला मुंडकं नाही. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

संध्याकाळी सांगून टाकलं की फळी पक्की होईपर्यंत विमान खोक्यात घालून माझ्या कामाच्या खोलीत ठेवलंय, धूळ लागू नये म्हणून. "बरं केलंत," म्हणाले. "तिथेच असू द्या." मी सुटलो.

शनिवार, ८ फेब्रुवारी

विचार केला, की मी कोण? कवळ्या करणारा माणूस. या भागातली निम्मी म्हातारी मंडळी माझ्या दातांनी हसतात. मेण, साचा, अॅक्रिलिक, घासणं, पॉलिश, यात माझा जन्म गेला. माणसाच्या तोंडात बसेल असं काम करतो, मग विमान कोण लागून गेलं? बाबांचा चष्मा येईपर्यंत असं करून ठेवतो की मूळचं झक मारेल.

बाबा दुपारी झोपतात. तेवढाच वेळ माझा.

रविवार, ९ फेब्रुवारी

चाक पलंगाखाली सापडलं. मुंडकं नाही सापडलं.

सोमवार, १० फेब्रुवारी

पंख काही चिकटेना. घरातला गोंद धरत नाही. कवळीचं द्रव लावलं तर प्लास्टिकच लोण्यासारखं मऊ व्हायला लागलं. दात-ओठ खात बाहेर आलो. बाबा चहा घेत होते. म्हणाले, "आज सहज आठवलं. ते विमान जोडताना मला फार त्रास झाला होता. मग कळलं, प्लास्टिकला प्लास्टिकच धरतं. कडा जराशी वितळवायची, ब्रशच्या टोकानं, थेंबभरच. आणि मग दाबून धरून गप्प बसायचं. गप्प बसणं महत्त्वाचं."

म्हाताऱ्या माणसांना जुनं आठवत राहतं. बरं झालं, आज नेमकं कामाचं आठवलं. माझंच द्रव घेतलं, थेंबभर. पंख बसला!

बुधवार, १२ फेब्रुवारी

वैमानिकाला नवं डोकं केलं. दातांच्या अॅक्रिलिकचं, दाढेच्या छटेचं. हिरडीचा गुलाबी रंग गालांवर थोडासा. तब्येतीनं जरा जास्तच सुदृढ दिसतो, पण हरकत नाही. लढायचंय त्याला.

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांचा एक पेशंट परवापासून खालच्या कवळीची वाट बघतोय. मी म्हटलं, "बाई, इथे एका माणसाला मुंडकं नाही, तुमच्याला दातांचं काय पडलंय?" फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे आधी वहीत लिहायला हवं होतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

नवं संकट. विमान तीन चाकांवर ठेवलं की नाक वर करून शेपटीवर बसतं, भीक मागणाऱ्या कुत्र्यासारखं. सगळी दुपार गेली. चाकं तपासली, पाय तपासले. काही कळेना.

संध्याकाळी बाबांना डोळ्यात थेंब घालत होतो. ते मान मागे टाकून वर छताकडे बघत म्हणाले, "पुढे वजन नसलं की मागे कलतं माणूस."

"म्हणजे?"

"काही नाही. माझ्या विमानाच्या नाकात मी शिशाचे तुकडे घातले होते. आतून. नाहीतर शेपटीवर बसायचं ते."

वा! म्हणजे पडताना ते तुकडे बाहेर सांडले असणार. दुसरा थेंब मी त्यांच्या कानात घातला इतका खूश झालो.  त्यांनी कान पुसला आणि म्हणाले, "डोळा थोडा वर असतो."

शनिवार, १५ फेब्रुवारी

नाकात शिसं भरलं. उभं राहिलं, शहाण्यासारखं.

आता रंग. जुना राखाडी रंग ठिकठिकाणी पिवळा पडलाय. एका तुकड्याला रंग द्यायचा आणि बाकी तसंच, हे माझ्या तत्त्वात बसत नाही. सगळंच घासून नव्यानं रंगवतो. माझ्याकडच्या छटांच्या पट्टीवर पांढऱ्याचे सोळा प्रकार आहेत, पण राखाडी नाही. विडी ओढणाऱ्याची छटा त्यातल्या त्यात जवळची होती. शेवटी रंगाच्या दुकानातून आणला.

पंखाच्या खालच्या बाजूला, डावीकडे, जुन्या रंगात वाटाण्याएवढा खळगा होता. आत बारीक रेघा. रंग ओला असताना काहीतरी टेकलं असणार. त्याच्याखाली ओळीनं पाच-सहा काळी टिंबं, बहुतेक माश्यांची घाण. एवढा चिकित्सक माणूस, पण हे त्यांच्या नजरेतून सुटलं म्हणायचं! मी खळगा भरला, टिंबं खरवडली आणि काचेसारखं गुळगुळीत करून टाकलं. कवळीत एवढासा जरी खडबडीतपणा राहिला तरी जीभ दिवसभर तिथेच जाते. माझ्या हातून गेलेल्या वस्तूत जिभेला काही सापडत नाही.

आज स्वतःवर खूश आहे.

रविवार, १६ फेब्रुवारी

पकडला गेलो. वैमानिकाचं दुसरं डोकं (पहिलं जरा मोठं झालं होतं, काच बसेना) माझ्या शर्टाच्या खिशात राहिलं आणि शर्ट धुवायला गेला. ही मशीनपाशी उभी राहून ओरडली, "हे मुंडकं कोणाचं?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. ती स्टुलावर बसली आणि पोट धरून हसायला लागली. मग डोळे पुसले.

"बाबांना सांगितलंस?"

"वेडी आहेस का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सांगू नकोस. आधी पूर्ण कर. त्यांना त्याच्याशिवाय काय आहे दुसरं?"

मी म्हटलं, "तू आहेस की."

"हो का?" म्हणाली, आणि शर्ट पिळायला लागली. मशीन असताना हातानं पिळत होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

हिनं दुपारी सुट्टी टाकली. घासताना निघालेलं उजव्या पंखाचं टोक चिकटवायचं होतं, धरायला दोन हात कमी पडत होते. मी म्हटलं, "धर." तर ती बघतच राहिली.

"मी?"

"मग कोण, शेजारीण?"

धरलं तिनं. इतक्या हळू, जणू ते झोपलंय आणि जागं होईल. सुकेपर्यंत दोघंही गप्प बसलो. मग म्हणाली, "इतक्या वर्षांनी परत हात लागला. हलकं आहे रे. मला वाटायचं फार जड असेल."

मला तिच्याबद्दल असं काही वाटलं की लिहिता येत नाही. मी तिला चहा करून दिला. साखर विसरलो, पण तिनं प्यायला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

नाकाचा सांधा काही लपेना. तीनदा भरून घासलं, तरी केसाएवढी रेघ दिसतेच. मग सुचलं, लढाऊ विमानांच्या नाकावर शार्क माशाचा जबडा रंगवतात ना, तसा रंगवू. सांधा ओठाखाली जाईल. थोडी भर आमचीही.

आता दात काढायचेच तर नीट काढायचे. चित्रांत सगळे सुळेच दाखवतात, हे मला पहिल्यापासून पटत नाही. असल्या जबड्यानं घास चावणार कसा? मी समोर पटाशीचे दात दिले, मग सुळे, मग दाढा. वरचा जबडा खालच्यावर बरोब्बर बसतो. हिनं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण शत्रूला चावण्यापेक्षा फोटो काढून घ्यायला आल्यासारखं दिसतंय." तिला कलेतलं कळत नाही. एक्स-रेत सगळे सारखेच हसतात.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

जेवताना हिनं सहज विचारलं, "बाबा, तुम्ही प्रेसमध्ये चुका काढायचा, त्यात कधी उलटं नाही झालं? बरोबर होतं ते खोडलंत असं?"

"व्हायचं की. मग त्याची पण खूण असते. शब्द खोडला आणि मग वाटलं, नाही, हा असाच हवा, तर त्याच्याखाली ओळीनं बारीक टिंबं काढायची. म्हणजे छपाईचे खिळे जुळवणाऱ्यानं समजायचं, हे तसंच असू द्या."

माझा घास तोंडातच राहिला.

बाबा पुढे म्हणाले, "जन्मभर लोकांच्या चुका काढल्या मी. एकच चूक अशी झाली, जिच्याखाली टिंबं काढली. चूक माझी नव्हती. तुझी होती. आणि ओरडलो ती चूक माझी."

"कुठली?" हिनं विचारलं.

"चष्मा येऊ दे. जायच्या आधी दाखवीन. सांगण्यासारखी नाही, बघण्यासारखी आहे." आणि हसले. त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. वरच्या डाव्या बाजूची दाढ नाहीये त्यांची.

माझी दातखीळ बसली. माश्यांची घाण! अरे देवा. तो खळगा म्हणजे हिचा अंगठा होता. लहानपणचा. ओल्या रंगात उमटलेला. तो त्यांनी पुसला नाही, भरला नाही, खाली टिंबं काढून ठेवला. तिला सगळा जन्म वाटत राहिलं की त्यांचा जीव विमानावर आहे. आणि जीव कशावर होता याचा एकुलता एक पुरावा मी काचपेपरनं घासून काढला. वर स्वतःवर खूशही झालो!

रविवार, २३ फेब्रुवारी

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. हिला सांगायचं धाडस होत नाही.

कामाच्या खोलीत बसून विचार करत होतो. शेजारच्या बाईंची नात पाच वर्षांची आहे. तिला गोळी देऊन ओल्या रंगात अंगठा टेकवायला सांगायचा. खाली टिंबं मी काढीन. कोणाला कळणार? बाबांना खळग्याची जागा माहीत आहे, रेघा थोड्याच पाठ असणार.

रंगाची डबी उघडली आणि परत बंद केली. जन्मभर मी खोटे दात करतोय, आणि त्याची मला लाज नाही, कारण ज्याच्या तोंडात ते जातात त्याला माहीत असतं की खोटे आहेत. खोटा अंगठा मी करणार नाही.

बाबा सकाळपासून नुसते बसून होते. उजव्या हाताचा अंगठा आपल्याच तर्जनीवर घासत होते. जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते ना, तसा.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सांगितलं हिला. एका दमात, तिच्याकडे न बघता.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त विमान हातात घेतलं, पालथं केलं, त्या गुळगुळीत जागेवर बोट फिरवलं.

"केवढा होता?"

"वाटाण्याएवढा."

"आणि टिंबं?"

"पाच की सहा. मला माशी वाटली गं."

ती रडायला लागली. मीही. दोघं टेबलापाशी उभे राहून रडलो आणि मध्ये ते विमान दात दाखवत होतं. "म्हणजे त्यांनी ठेवला होता," ती सारखी म्हणत होती, "माझा हात ठेवला होता रे त्यांनी." मला वाटलं होतं, मी ठसा घासून टाकला म्हणून रडते. पण ती त्यासाठी रडत नव्हतीच.

मग नाक पुसून म्हणाली, "रंग आहे का?"

"आहे."

"लाव तिथे. जाड लाव."

मी लावला. तिनं अंगठा टेकवला. उचलला तेव्हा पंखाची निम्मी रुंदी त्या ठशानं खाल्ली होती. माझ्या आजवरच्या कामातलं सगळ्यात बेढब काम. पॉलिश करायला हात शिवशिवत होते. नाही केलं.

टिंबं आम्ही काढली नाहीत. ती काढायचा हक्क आमचा नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

चष्मा आला. बाबांनी तो लावला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, तुम्ही म्हातारे झालात की!" मग म्हणाले, "विमान आणता का?"

मी खोका आणला. हिनं माझा दंड घट्ट धरला होता. बाबांनी झाकण काढलं. नाकाकडे बघत बसले. जबड्यातले दात मोजले, बोटानं. "अक्कलदाढपण दिलीत?"

"दोन्ही बाजूंना," मी म्हटलं. 

मग त्यांनी विमान पालथं केलं. अंगठा सवयीनं त्या जागी गेला आणि थांबला. तो मोठा ठसा त्यांनी बघितला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग हिच्याकडे बघितलं. ती लहान मुलीसारखी हात मागे घेऊन उभी होती.

"मोठा झाला गं," म्हणाले. बस, एवढंच.  ही त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तो खांदा तिला इतक्या वर्षांत सापडला नव्हता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी बारीक ब्रश मागितला. ठशाखाली ओळीनं टिंबं काढली. एक-एक करून. मग ब्रश माझ्या हातात दिला आणि माझ्यावर असे कडाडले की मी दचकलो.

"अरे गाढवा! फळी टेपनं लावतात का रे? धाडकन आवाज झाला, मी बाहेरच होतो. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं माझ्या, कानाचं नाही! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शिशाच्या तुकड्यांवरून पाय घसरून पडता पडता वाचलो मी. आणि तू काय सांगतोस, तर प्लास्टरचा साचा!"

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं! सगळं माहीत असून चहा पीत बसायचे! वर 'सहज आठवलं' म्हणे! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे चांदण्यात चोर एकटाच आंधळा होता.

मला फार लागलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला अरे-तुरे केलं त्यांनी. तेही गाढव म्हणून. हिला म्हटलं, "बघ, तुझे वडील मला काय म्हणाले!" तर ती डोळे पुसत खुदकन हसली आणि म्हणाली, "ऐकलं मी. कुत्र्यालाही 'तुम्ही' म्हणतात ते. तू आता घरातला झालास." काय संबंध? बायकांचं काही कळत नाही.

रविवारी जायचं म्हणताहेत. पिशवी भरायला काढलीय. हिनं काही म्हटलं नाही, मीही नाही. त्यांना आग्रह केलेला आवडत नाही.

<s>बाबा गेले तर घर खायला उठेल.</s>

वरचं वाक्य खोडलं. या वयात असलं काय लिहायचं? आणि कोणासाठी?

रविवार, २ मार्च

सकाळी उठलो तर बाबा टेबलापाशी, चष्मा लावून, हातात पेन्सिल. समोर ही वही.

मी जो काही भडकलो! म्हटलं, "बाबा, ही खाजगी वही आहे!"

"हो, कळलं," म्हणाले. "पहिल्याच पानावर लिहिलंस, टेबलावर ठेवतोय म्हणून. आणि 'दात-ओठ' मधली रेघ बरोबर दिलीस, शाबास. बाकी आनंदच आहे." वही माझ्या हातात देऊन ते आंघोळीला गेले. जाताना गुणगुणत होते.

मी उभ्या उभ्या पानं उलटली. प्रत्येक पानावर पेन्सिल. ऱ्हस्वाचं दीर्घ, दीर्घाचं ऱ्हस्व, समासात खुणा. 'पहिल्याच पानावर' हेही चूक आहे, ते पाचव्या तारखेला लिहिलंय मी. हे त्यांना दाखवून देणार आहे. डोळ्यातला थेंब कानात घातला ती ओळ अधोरेखित. 'माणूस चिकित्सक' याच्यापुढे बरोबरची खूण.

शेवटच्या पानावर मी खोडलेलं ते वाक्य होतं. घर खायला उठेल, ते. दुरुस्ती काहीच नव्हती. खोडलेल्या शब्दांखाली, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ओळीनं बारीक टिंबं होती.

मी बराच वेळ बघत बसलो. मग त्यांच्या खोलीत जाऊन बघितलं. पिशवी पलंगाखाली गेली होती, रिकामी.

हिला हाक मारून विचारलं, ड्रिल मशीन कुठे ठेवलंय.